वाय. बी. भिंगारदिवे यांची छपाई

भीमराज भिंगारदिव्यांनी वर्कशॉपच्या कंडम मालाच्या लिलावातून प्रिंटर घरी आणला, तेव्हा तो रिक्षातून उतरवायला शेजारचे दोघे जण लागले. भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात ते स्टोअरकीपर होते आणि लिलावातून काही ना काही आणायची त्यांना खोडच होती. त्याआधी एक टेबलफॅन आला होता, तो वारा मागे टाकायचा. विजयमालाबाई दारातच म्हणाल्या, "अहो, हा कशाला? आपल्याकडे कॉम्प्युटर तरी आहे का?"

"येईल की," भीमराज म्हणाले. "आधी प्रिंटर आला, एवढंच."

आणि आलाही. त्यांची एकुलती एक मुलगी यशोधरा बी.एस्सी. झाली, नगरला एका खासगी क्लासमध्ये शिकवायला लागली. क्लासवाल्याने नवी मशिनं घेतली तेव्हा त्याने एक जुनं तिच्या गळ्यात मारलं, पगारात वळतं करून. यशोधराने तक्रार केली नाही. एका इंग्रजी मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी तिने क्लासमध्येच कॉपी करून घेतली होती. त्यात लिनक्स नावाची प्रणाली होती, ती तिने त्या जुन्या मशिनवर चढवली.

विजयमालाबाई हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत. मुलगी सांगेल ते ऐकून घ्यायचं आणि न कळलेलं विचारायचं, एवढं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"ही प्रणाली कुणाची?"

"कुणाचीच नाही. म्हणजे सगळ्यांची."

"सरकारी आहे?"

"नाही गं. जगभरातली माणसं मिळून लिहितात. ज्याला जे जमेल ते त्याने लिहायचं, बाकीच्यांनी तपासायचं, आणि मग ते सगळ्यांना फुकट."

"म्हणजे श्रमदान."

यशोधरा विचारात पडली. "हो. तसंच म्हण."

त्या प्रणालीत छपाईचा एक प्रोग्राम होता, आणि त्या प्रोग्रामला लिलावातला प्रिंटर काही केल्या उमगेना. कागदावर नुसते ठिपके यायचे. यशोधराने त्या प्रोग्रामच्या मेलच्या यादीवर प्रश्न विचारला. यादीच्या पत्त्यावर एक मेल टाकली की ती यादीतल्या सगळ्यांना पोचायची आणि त्यांची उत्तरंही सगळ्यांना दिसायची. डेन्मार्कच्या हेन्रिकने उत्तर दिलं. छपाईच्या कामाचा तो प्रमुख. त्याने लिहिलं, हे नऊ सुयांनी ठिपके ठोकून छापणारे जुने प्रिंटर आमच्यापैकी आता कुणाकडेच उरलेले नाहीत, तेवढा भाग बिनमालकीचा पडला आहे. तुमच्याकडे प्रिंटर आहे तर तुम्हीच तो का सांभाळत नाही?

हे साल सत्त्याण्णव. तेव्हापासून यशोधरा त्या भागाची सांभाळणारी झाली.

त्या उन्हाळ्यात प्रिंटरच्या करकरीने घर डोक्यावर घेतलं. मराठी अक्षर छापायचं तर सुयांना एकाच ओळीवरून दोनदा जावं लागे, एकदा अक्षराच्या अंगासाठी आणि एकदा वरच्या मात्रांसाठी. मधे कागद केसभर जरी सरकला तरी शिरोरेषा दुहेरी यायची. यशोधरा कागद उजेडात धरायची, डोळा बारीक करायची आणि पुन्हा मशिनसमोर बसायची. पहिलं निर्दोष पान निघालं ते विजयमालाबाईंच्या नववीच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेचं. त्यांनी ती शाळेत सगळ्यांना दाखवली. मुख्याध्यापक म्हणाले, "अक्षर छान आहे," आणि तीत गुणांची बेरीज चुकली आहे तेही त्यांनीच दाखवलं.

नेवाशाच्या आक्काबाई, भीमराजांची थोरली बहीण, दिवाळीत आल्या की त्यांची चौकशी ठरलेली.

"पोरगी दिसभर त्या पेटीम्होरं काय करती गं?"

"काम करते, आक्का."

"पगार किती?"

"पगार नाही. ते सगळ्यांसाठी असतं."

"फुकाट? कोन मानसं हायती ती?"

"डेन्मार्क, जर्मनी, अमेरिका…"

"आगं बया! गोऱ्यांचं धुनं धुती व्हय पोरगी, त्ये बी फुकाट? मग आमच्याकडं बी ये म्हनावं. लई भांडी पडल्याती."

आतून यशोधरा ओरडली, "आत्या, तुमच्या भांड्यांनाच प्रिंटर जोडून देते. आपोआप घासली जातील!"

आक्काबाई हसल्या; पण जाताना विजयमालाबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्याच, "पोरीचं वय बघ जरा." विजयमालाबाई वय बघतच होत्या. नोकरीच्या दोन मुलाखती झाल्या होत्या, दोन्हीकडून काही कळलं नव्हतं. स्थळंही येऊन बघून गेली होती. आणि घरात त्यांना एवढंच दिसत होतं की पोरगी खूश असते ती फक्त त्या यादीवरच्या माणसांत.

एकदा त्यांनी विचारलं होतं, "ती माणसं तुला काय म्हणतात?"

"वाय. बी. म्हणतात. मिस्टर वाय. बी. भिंगारदिवे."

"मिस्टर? मग सांग की त्यांना."

"कशाला? मी कोण, कुठली, ह्याचं त्यांना काय करायचंय? पॅच चालतो की नाही, तेवढंच बघतात." पॅच म्हणजे प्रोग्रामला लावायचं दुरुस्तीचं ठिगळ. "नाही चाललं तर तोंडावर सांगतात. हेन्रिकने माझा गेल्या वेळचा पॅच तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा नुसतं लिहिलं, अजून नाही."

हे सांगताना ती हसत होती. विजयमालाबाईंना ते पटायला वेळ लागला; पण समजलं मात्र लगेच. त्यांच्या उभ्या आयुष्यात नाव विचारणाऱ्याने पुढे आडनाव विचारलं होतं, आडनावानंतर गाव, आणि मग समोरचा थोडा गप्प झाला होता. कॉलेजात, शाळेत, भाड्याची खोली बघताना. पोरीला अशी एक जागा सापडली होती जिथे तिचा पॅच तीनदा परत येतो तो केवळ पॅच वाईट आहे म्हणून.

घरी फोन नव्हता. नंबर लावून ठेवला होता, त्याला बरीच वर्षं झाली होती. यशोधरा सगळं काम घरीच करायची आणि पहाटे, दर वाढायच्या आत, फ्लॉपी घेऊन बन्सीच्या एसटीडी बूथवर जायची. बन्सीने बूथमध्ये कॉम्प्युटर आणि मोडेम बसवून बाहेर 'इंटरनेट' असा बोर्ड लावला होता. भिंगारमध्ये त्याचा अर्थ विचारणारे पुष्कळ होते आणि वापरणारी यशोधरा एकटी. लाइन पुण्याला लागायची. लागली की फ्लॉपीतल्या मेल जायच्या, आलेल्या फ्लॉपीत उतरायच्या आणि लाइन बंद. चहा उकळायच्या आत काम आटपायचं. मग ती दिवसभर सावकाश वाचायची, विचार करायची, उत्तर लिहायची, खोडायची. यादीवर कुठलाही निर्णय घ्यायचा तर आठवडाभर वाट बघायची पद्धत होती. कुणी सुटीवर असेल, कुणाची लाइन बंद असेल. त्या आठवड्यात यशोधराचं उत्तर हमखास जायचं, बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत नेटकं.

अठ्ठ्याण्णव संपता संपता हेन्रिकची एक लांब मेल आली. काम वाढलं आहे, माणसं वाढली आहेत, मेलमधले पॅच एकेक करून लावता लावता माझे हात दुखतात, असं तो म्हणत होता. यापुढे सगळा प्रोग्राम एका दूरच्या कॉम्प्युटरवर राहील. सीव्हीएस नावाच्या नव्या साधनाने ज्याने त्याने लाइन लावून आपले बदल थेट तिथे ठेवावेत. यादीवरच्या सगळ्या मेल यापुढे वेबसाइटवर राहतील, कुणालाही शोधता येतील. आणि आठवडाभर वाट बघत बसण्याऐवजी सगळ्यांनी एका वेळी चॅटवर जमून तिथल्या तिथे ठरवावं. ह्या बदलांवरचीच पहिली बैठक रविवारी.

"चांगलंच आहे की," विजयमालाबाई म्हणाल्या. "त्याचे हात वाचतील."

"चांगलंच आहे," यशोधरा म्हणाली. "पण त्याला लाइन लागते ना आई, सारखी चालू. आपली लाइन बन्सीकडे."

"मग तसं बैठकीत सांग."

"सांगणारच आहे." तिने एका कागदावर चार मुद्दे लिहून काढले.

बैठक डेन्मार्कला दुपारी होती, भिंगारला रात्रीच्या जेवणवेळेला. रविवारी एसटीडीचा दर कमी, त्यामुळे कॅन्टोन्मेंटचे जवान घरी फोन करायला त्याच दिवशी येत. बन्सीच्या बूथपासून पानाच्या टपरीपर्यंत रांग लागलेली. विजयमालाबाई मुलीबरोबर गेल्या होत्या, त्या वेळी तिला एकटी कशी सोडायची म्हणून. बन्सी त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने त्यांना स्टूल दिलं आणि रांगेला सांगितलं, "फॉरेनची मीटिंग चालू हाय. जरा दम धरा."

"बहनजी, कितना टाइम?" रांगेतल्या पहिल्या जवानाने विचारलं.

"थोडासा, भैया," विजयमालाबाई ओशाळून म्हणाल्या.

"हमारी भी मीटिंग है बहनजी, बीवी के साथ. लेट हो गए तो वो बोलने नहीं देगी."

रांग हसली. बन्सीही हसला. यशोधरा हसली नाही. पडद्यावर नावं आणि त्यांच्यापुढे एकेक ओळ उमटत होती, वर सरकत होती, आणि ती कागदावरचे चार मुद्दे पुन्हा पुन्हा वाचत होती. लाइन संथ होती. काही वेळ काहीच यायचं नाही, मग एकदम सात-आठ ओळी.

"बोललीस का?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"अजून हेन्रिकचं चाललंय."

"होऊ दे त्याचं. मधे बोलू नको. विचारतील."

बुद्धविहारातल्या बैठकीत तशीच रीत होती. अध्यक्ष एकेकाला नावाने विचारत, वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करत, आणि सगळ्यांत लहान सगळ्यांत शेवटी बोले. न विचारता बोलणाऱ्याकडे लोक बघत. यशोधरा सहावीत असल्यापासून त्या बैठकांना सतरंजीवर बसत आली होती, आणि तिचं नाव पुकारलं की उभी राहून, मोजकं, खणखणीत बोलायची. विजयमालाबाईंना त्याचा अभिमान होता.

चॅटवर कुणी कुणाला नावाने विचारलं नाही. ज्याला जे वाटलं ते त्याने लिहिलं, एकमेकांच्या मधे, एकमेकांवरून. यशोधरा आपल्या नावाची वाट बघत राहिली. मग हेन्रिकची ओळ आली, कुणाची हरकत? तिच्याखाली दोघांनी लिहिलं, छान. तिने पहिला शब्द टाइप करायला घेतला, पुसला. अजून बाकीच्यांचं व्हायचं असेल. आणि पडदा सरकला तेव्हा हेन्रिकने लिहिलेलं होतं, मग ठरलं, सगळ्यांचे आभार. एकेक नाव बाहेर पडायला लागलं.

"झालं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"झालं."

"तुला विचारलं नाही?"

यशोधराने कागदाची घडी घातली. मागून जवान म्हणाला, "हो गया, बहनजी?" आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिने चारही मुद्दे मेलने पाठवले. हेन्रिकचं उत्तर सभ्य होतं. मिस्टर वाय. बी., तुमचे मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. पण तुम्ही बैठकीला हजर होतात आणि कुणीही हरकत घेतली नाही. मार्चअखेरपर्यंत ज्यांनी आपले बदल नव्या पद्धतीने थेट ठेवलेले नसतील त्यांनी काम सोडलं असं धरून त्यांचा भाग दुसऱ्याकडे देण्यात येईल. नियम सर्वांना सारखा आहे.

यशोधराने रडारड केली नाही. ती नवी पद्धत शिकायला बसली. त्यासाठी आधी सगळा प्रोग्राम एकदा दूरच्या कॉम्प्युटरवरून उतरवून घ्यावा लागे, मगच त्यात बदल करून परत ठेवता यायचे. पहाटे ती बूथवर जाई. लाइन लागे, प्रोग्राम उतरू लागे, आणि अर्ध्यात पुणं तुटे. पुन्हा लाइन लागली की पुन्हा मुळापासून. तोवर भाजीवाले पुण्याच्या मार्केटचा भाव विचारायला येऊन उभे राहत.

"ताई, ह्ये काय खरं न्हाई," बन्सी म्हणाला. "मी तुमाला न्हाई म्हनत न्हाई. पन ह्यांची मेथी सुकून चालली."

"घ्या त्यांना," यशोधरा म्हणायची आणि मीटरच्या लाल आकड्यांकडे न बघता पैसे ठेवायची.

भीमराजांनी टेलिफोनच्या कचेरीत खेटे घातले. तिथल्या साहेबाने सांगितलं, भिंगारला केबलच शिल्लक नाही, नंबर आला तरी फोन येणार नाही. क्लासवाल्याला यशोधराने विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, फोन ॲडमिशनसाठी लागतो." भीमराज घरी येऊन म्हणाले, "आपल्याकडून सगळं करून झालं."

विजयमालाबाईंना मात्र तसं वाटेना. पोरगी ताटात चिवडत बसायची. पूर्वी शिरोरेषा दुहेरी आली तरी गुणगुणायची, आता मशिन चालूच करायची नाही. बोलायला गेलं तर "काही नाही गं" एवढंच. आईच्या मनात जे येतं ते सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. शेजारच्या गल्लीत एका मुलाने नापास झाल्यावर काय केलं होतं, ते आठवून त्या तिच्या खोलीत काही ना काही निमित्ताने डोकावायच्या, कधी वाळलेले कपडे ठेवायला, कधी पाणी हवंय का म्हणून.

आणि मग त्यांनी तेच केलं, जे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. फ्रीशिप अडली तेव्हा, बदली नको होती तेव्हा, यशोधराला अकरावीत प्रवेश मिळेना तेव्हा. फुलस्केप कागद घेतला आणि अर्ज लिहिला.

इंग्रजी त्यांचं बरं होतं, अर्जाचं इंग्रजी तर चांगलंच. सन्माननीय महोदय. मी, खाली सही करणार, आपल्याकडे काम करणाऱ्या वाय. बी. भिंगारदिवे हिची आई. माझी मुलगी कुमारी यशोधरा, वय चोवीस, अविवाहित. आम्ही अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या समाजातले आहोत. हे त्यांनी विचार न करता लिहिलं. आयुष्यात प्रत्येक अर्जाला तो रकाना होता आणि तो रिकामा सोडला की अर्ज परत येई. आमची परिस्थिती साधारण आहे. घरी फोन नाही. मुलगी पहाटे सार्वजनिक बूथवर जाते, तिथे जवानांची आणि भाजीवाल्यांची रांग असते. ती जेवत नाही. तिची उमेद खचली आहे आणि आई म्हणून मला तिच्या जिवाची काळजी वाटते. तरी तिला जुन्या पद्धतीने काम करू द्यावं, ही नम्र विनंती. ह्या अर्जाबद्दल तिला काही सांगू नये.

दुपारी शाळा सुटल्यावर त्या बन्सीकडे गेल्या.

"बन्सी, यशूच्या त्या साहेबाला एवढं पाठव."

"कोनत्या पत्त्यावर, बाई?"

"ती पाठवते त्याच."

बन्सीकडे तो पत्ता पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. तो यादीचा पत्ता होता. विजयमालाबाईंना तो कचेरीच्या पत्त्यासारखा वाटला. अर्ज कचेरीच्या पत्त्यावरच जातो आणि उघडतो साहेब. बन्सीने एका बोटाने अख्खा अर्ज टाइप केला, पुणं लागलं, आणि अर्ज गेला.

"बरं केलं बाई," तो म्हणाला. "वरच्याच्या कानावर घातलेलं बरं असतंय."

त्यांना त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. संध्याकाळी त्यांनी पुरणपोळी केली. यशोधराने विचारलं, "आज काय?" त्या म्हणाल्या, "सहज."

दोन दिवसांनी यशोधरा बूथवरून आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, तू मेल टाकलीस?"

विजयमालाबाईंच्या हातात पोळी होती. "हेन्रिकला टाकली. त्याने सांगितलं का तुला? मी लिहिलं होतं की…"

"हेन्रिकला नाही आई. सगळ्यांना. चारशे माणसांना." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वय चोवीस, अविवाहित. चारशे माणसांना."

"मला काय माहीत गं…"

"जात पण लिहिलीस."

"अर्जात लिहावी लागते."

यशोधराने आईकडे बघितलं. तव्यावरची पोळी जळली. भीमराज दाढी अर्धी सोडून आले आणि काय झालं ते विचारत राहिले. कुणी त्यांना सांगेना.

"काढून टाकायला सांग त्यांना," शेवटी विजयमालाबाई म्हणाल्या. "मी चुकून पाठवलं म्हणावं."

तेही यशोधराने केलं. हेन्रिकने कळवलं, वेबसाइटवरची मेल काढता येणार नाही. एकाची काढली तर सगळ्यांच्या काढाव्या लागतील, नोंदी जशाच्या तशा राहाव्यात असं बैठकीत ठरलं आहे. म्हणजे जगात कुणीही, कधीही, वाय. बी. भिंगारदिवे हे नाव शोधलं तर छपाईच्या कामाबरोबर आईचा अर्जही निघणार होता.

पण त्या मेलमध्ये त्याने बाकीचं फार गोड लिहिलं होतं. प्रिय मिस भिंगारदिवे, आम्हाला कल्पनाच नव्हती. तुमच्यासाठी नियम शिथिल करत आहोत, तुम्ही मेलनेच पाठवत जा, आमच्यातला कुणीतरी ते आत ठेवेल. इतरांच्याही मेल आल्या. अमेरिकेतल्या एका बाईने लिहिलं, तुझी आई थोर आहे. एकाने मोडेम पाठवू का विचारलं. एकाने भारतातल्या जातींबद्दल एक पुस्तक वाचलं होतं, त्याने त्याबद्दल दोन पानं लिहिली.

विजयमालाबाईंनी त्या मेल वाचल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "अगं, मग झालं की! हेच तर तुला हवं होतं."

"हो," यशोधरा म्हणाली.

ती कामाला लागली. विजयमालाबाई खोलीत डोकावायच्या तेव्हा मशिन चालू दिसायचं. त्यांना वाटलं, विसरेल. चार दिवस जातील, विसरेल.

मग एक दिवस यशोधराने त्यांना बोलावून पडद्यासमोर बसवलं. "ही बघ, मी पाठवलेली दुरुस्ती. यात चूक आहे. कागद मोठा असला की शेवटची ओळ छापलीच जात नाही. पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं."

"मग?"

"मग हे उत्तर बघ."

हेन्रिकने लिहिलं होतं, फार छान काम, खूप धन्यवाद, काळजी करू नका. खाली दुसऱ्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात नोंद होती की किरकोळ फेरफार करून बदल आत ठेवला.

"त्यानेच चूक दुरुस्त केली, मला न सांगता," यशोधरा म्हणाली. "आधी असा पॅच आला असता तर परत पाठवला असता. तीनदा."

विजयमालाबाईंनी ते उत्तर पुन्हा वाचलं. कुणाविरुद्ध तक्रार करायची तर कुणी वाईट वागलेलं नव्हतं. शिक्षणाधिकारी नव्हता, तहसीलदार नव्हता. चारशे भली माणसं होती आणि त्यांनी त्यांच्या पोरीला सांभाळून घेतलं होतं.

"त्यांना सांग की, परत पाठवत जा म्हणून."

"सांगून होतं का आई ते?"

मार्चअखेरच्या आधीच यशोधराने मेल टाकली. नऊ सुयांच्या प्रिंटरचा भाग मी आता सांभाळू शकत नाही, तो कुणीतरी घ्यावा. जर्मनीतल्या एका मुलाने तो घेतला. त्याच्याकडे असला प्रिंटर नव्हता, पण लाइन होती. यादीवर तिच्या कामाचं कौतुक करणाऱ्या पुष्कळ मेल आल्या. त्या तिने फ्लॉपीत उतरवल्या, पण उघडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी विजयमालाबाईंनी नेहमीच्या वेळेला, उजाडायच्या आत, चहा ठेवला. यशोधरा अंथरुणातच होती, जागी.

"आज जायचं नाही का बन्सीकडे?"

"कशाला?"

"मेल आल्या असतील."

"आल्या असतील."

विजयमालाबाई कप घेऊन तिच्या उशाशी बसल्या. मग म्हणाल्या, "यशू, मी त्यांना अजून एक पत्र लिहू? नीट लिहिते या वेळी. माझं चुकलं म्हणून. तुझी काही चूक नाही, तू आधी होतीस तशीच आहेस म्हणून."

यशोधराला हसू आलं. खरंखुरं, ओठांवर हात ठेवून.

"नको गं आई," ती म्हणाली. "ते परत तुझंच कौतुक करतील."

आणि तिने चहा घेतला, भिंतीकडे तोंड करून.